मागची चाकं

हुपरीकरांची वाटणी झाली तेव्हा सगळ्यात शेवटी एक मोटारगाडी उरली, वीतभर लांबीची. दुकानं वाटून झाली होती. शिड्या, तराजू, वजनं, देवघरातली तांब्याची भांडी, पापडाचं पोळपाटसुद्धा वाटून झालं होतं. आईचा सख्खा भाऊ धोंडिबामामा पंच म्हणून निपाणीहून आला होता आणि वाटणी समान म्हणजे समान, हे त्यानं फारच मनावर घेतलं होतं. कोप्पीकर रोडचं रंगाचं दुकान थोरल्या नारायणला, गोकुळ रोडचं नटबोल्ट-बेअरिंगचं दुकान धाकट्या प्रभंजनला. धारवाडचं घर थोरल्याला, हुबळीचं धाकट्याला. मग मामाची नजर कपाटावरच्या त्या गाडीवर गेली.

"ही कुणाची रे?"

"दोघांची," आई म्हणाली. मामानं गाडी उचलली. बॉडी खालच्या सांगाड्यावर नुसती टेकवलेली होती, ती त्याच्या हातात आली. मामानं ती नारायणकडं दिली आणि चाकांसकट उरलेला सांगाडा प्रभंजनकडं. "झालं. उद्या कुणी बोट दाखवायला नको," असं म्हणून त्यानं चहा मागितला. एखाद्या शहाण्या घरात सगळे तिथंच हसले असते, आणि त्या हसण्यात निम्मं भांडण वाहून गेलं असतं. पण हुपरीकरांच्या घरात त्या दिवशी शहाणं माणूस एकच होतं, आणि ते पदराला डोळे पुसत होतं.

त्या गाडीला खेळणं म्हटलेलं दोघा भावांना कधी खपलं नाही. त्यांचा मावसभाऊ बाबाजी बोटीवर नोकरीला होता. त्यानं एका खेपेला अमेरिकेतून प्लास्टिकच्या सुट्या भागांचा खोका आणला. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाची गाडी, शंभराच्या वर तुकडे. एकेक तुकडा घासायचा, रंगवायचा, चिकटवायचा. गाडी ड्रॅग रेसची. म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि दिवा हिरवा झाला की नाकासमोर पाव मैल पळवायच्या, बस्स. वळण नाही, घाट नाही. थांबायला ब्रेक पुरत नाहीत म्हणून मागून छत्री उघडते. पुढची चाकं सायकलसारखी किडकिडीत, मागची टायरं जात्यासारखी रुंद आणि गुळगुळीत. असली शर्यत या दोघांनी जन्मात बघितलेली नव्हती. तरी त्या एका खोक्यानं त्यांना वेड लावलं. बाबाजी दर खेपेला नवा खोका आणायचा, आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की दोघे माळ्यावर चढायचे.

काम वाटलेलं होतं. अण्णा, म्हणजे नारायण, बॉडीवाला. त्याच्या हातात रंग होता. पातळ थरावर पातळ थर देत तो असा लाल आणायचा की त्यात माळ्यावरचा बल्ब दिसायचा. प्रभंजन खालचा माणूस: इंजिन, चासी म्हणजे खालचा सांगाडा, दोन चाकं जोडणारा दांडा म्हणजे एक्सल, केसाएवढ्या वायरी. एकाचं काम दुसऱ्याला जमत नव्हतं आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

शेवटच्या गाडीला प्रभंजननं मागची टायरं नेहमीपेक्षा रुंद घेतली आणि घोटाळा झाला. टायरं दोन्ही बाजूंना बाहेर आली, बॉडी खाली बसेना. यावर उपाय दोनच. एक तर चाकावरची कमान कापून मोठी करायची, म्हणजे टायराला बाहेर यायला जागा होते. नाही तर मागचा एक्सल दोन्हीकडून कापून आखूड करायचा, म्हणजे चाकं आत सरकतात आणि बॉडीला धक्का लागत नाही. पहिल्यात अण्णाची बॉडी कापली जाणार, दुसऱ्यात प्रभंजनचा एक्सल.

"माझ्या बॉडीला करवत लागणार नाही," अण्णा म्हणाला.

"मग माझ्या एक्सलला कशाला लावू?" प्रभंजन म्हणाला.

आता खरं सांगायचं तर भांडण एक्सलचं नव्हतंच. वडील जाऊन वर्ष झालं होतं. गल्ल्यावर कोण बसायचं, उधारी कुणी द्यायची, कुणाच्या बायकोनं कुणाला काय म्हटलं, हे सगळं महिनोन्‌महिने आतल्या आत शिजत होतं. पण खऱ्या गोष्टीवर भांडायला तोंड लागतं, ते दोघांकडं नव्हतं. मग हाताला लागलं त्यावर भांडले. "तुला जन्मात कधी माघार घेता आली का रे?" असं अण्णा म्हणाला, आणि प्रभंजन म्हणाला, "थोरला झालास म्हणून दरवेळी मीच कापून घेऊ?" त्यानंतर सहा महिन्यांत मामा निपाणीहून आला.

हुबळी आणि धारवाड म्हणायला जोडगाव. हिरव्या चिगरी बसमध्ये बसलं की पाऊण तासात माणूस इकडचा तिकडं. पण हा पाऊण तास दोघा भावांना सोळा वर्षं पुरला. मधे आई गेली. तिच्या बाराव्यालासुद्धा दोघे पंगतीत एकमेकांकडं पाठ करून जेवले. वाढणाऱ्या बायकांनी ते बघितलं आणि वाढत पुढं गेल्या.

खरं तर भांडणं मिटवायची सोय या गावानं फार पूर्वीच करून ठेवली आहे. दसऱ्याला शमीची पानं घ्यायची, इथं तिला बन्नी म्हणतात, आणि एकमेकांच्या हातावर ठेवून म्हणायचं, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण". बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. कोर्टात गेलेले भाऊबंदसुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या उंबऱ्यावर जातात. फक्त रीत अशी की धाकट्यानं थोरल्याकडं जायचं, बन्नी द्यायची, पाया पडायचं. थोरला आपण होऊन धाकट्याकडं जात नाही. प्रभंजनला हे ठाऊक होतं. दर दसऱ्याला तो बन्नी घ्यायचा आणि म्हणायचा, अण्णानं एकदा नुसता निरोप धाडावा, मग बघ मी कसा जातो. संध्याकाळपर्यंत वाट बघून ती पानं वत्सला, त्याची बायको, देवापुढं ठेवायची.

निरोप आला, पण तो असा.

गणपती होऊन गेले होते. गोकुळ रोडच्या दुकानात अण्णाची मुलगी दीपश्री आली. धारवाडच्या एका कॉलेजात शिकवायची, काकाकडं चोरूनमारून येणंजाणं ठेवलेली घरातली ती एकटीच. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, अप्पांना घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा."

अण्णाची फुप्फुसं दोन वर्षांपासून आकसत चालली होती, हे प्रभंजनला ऐकून माहीत होतं. घरीच ठेवा, याचा अर्थ त्याला कळला. त्यानं हातातलं बेअरिंग उगाचच फिरवून बघितलं.

"मशीन लावलंय नाकाला. एक वाक्य बोलले की दम लागतो. काही मागत नाहीत. काल तेवढं म्हणाले, प्रभूकडं त्या गाडीचा खालचा भाग हाय का बघ."

"हाय म्हणून सांग. पुरी करून घेऊन येतो म्हणून सांग."

"पुरी कशाला? आत्ता चला की माझ्यासंगं."

"असं अर्धवट घेऊन? नको. चार दिवस दे."

ती गेल्यावर त्यानं माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. सांगाडा होता, पण मागच्या टायरांचं रबर चिघळून चिकट झालं होतं आणि आत टाकलेल्या डांबरगोळ्यांचा वास बसला होता. इंजिनवरच्या वायरी हात लावताच तुटल्या. चिकटवायचं सोल्युशन बाटलीत दगड झालेलं. त्यानं एक तुकडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढला, घातला, आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या अंतरावर हे काम करायचं असतं त्या अंतरावर त्याला आता काही दिसतच नाही.

पण मनात एक गोष्ट पक्की झाली होती, आणि ती झाल्यावर त्याला सोळा वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. या वेळी माघार आपण घ्यायची. एक्सल आपण कापायचा. अण्णाच्या लाल बॉडीला ओरखडासुद्धा पडू द्यायचा नाही. ती जशी आहे तशी अलगद खाली बसेल, चाकं आत जातील, आणि अण्णा बघेल, आणि एक शब्द न बोलता त्याला सगळं कळेल. तोंडानं 'चुकलो' म्हणण्यापेक्षा हे किती सोपं! हुपरीकरांना तोंड सोडून बाकी सगळ्यानं माफी मागता येते.

चार दिवसांचे आठ झाले. नवीन सोल्युशन आणि टायरं इंटरनेटवरून मागवली, ती बंगळूरहून यायला वेळ लागला. भिंग लावलेला दिवा आणला. दुपारी शटर अर्धं ओढून तो बसायचा. प्लास्टिक घासल्याचा तो बारीक वास आला की हाताला जुनं सगळं आठवायचं, पण हात ते करायचे नाहीत. एक्सल दोन्हीकडून सारखाच कापावा लागतो, मग आत पितळी तार घालून सरळ रेषेत जोडावा लागतो. पहिल्यांदा जोडला तो तिरका बसला; गाडी टेबलावर ठेवली तर लंगड्या माणसासारखी एका बाजूला कलली. त्यानं तो पुन्हा तोडला. दुसऱ्यांदा जास्त कापला गेला. मग चासीच्या मागच्या पट्ट्याही आत घ्याव्या लागल्या, चाकांसाठी आतल्या कप्प्यात जागा करावी लागली. एक माघार घेतली की पाठोपाठ किती घ्याव्या लागतात, हे त्याला तेव्हा कळलं.

दीपश्रीचा फोन यायचा. "काका, कधी यालाय?"

"झालंच. चाकं तेवढी राहिली."

एकदा ती म्हणाली, "मी अप्पांना सांगितलं तुम्ही काम करालाय म्हणून. ते म्हणाले, काही करू नको म्हणावं. आहे तशी आण."

"आहे तशी?"

"दोनदा म्हणाले. आहे तशी आण."

प्रभंजननं फोन ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. बघ, अण्णानं जीव निघायच्या वेळीही आपल्यालाच सूट दिली. कापू नको म्हणाला. मग तर कापलाच पाहिजे. थोरल्यानं सूट द्यायची आणि धाकट्यानं ती घ्यायची, हेच तर आयुष्यभर चाललं होतं. त्यानं पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडला.

वत्सला हे सगळं बघत होती. ती फारसं बोलणारी बाई नव्हती, पण त्या रात्री ताट वाढताना बोलली. "तुम्ही जावा की हो. गाडी काय त्यांच्याशी बोलणार हाय?"

"रिकाम्या हातानं जाऊ?"

"रिकाम्या हातानंच जावा. पेशंटाचा हात धरायचा असतो, त्याला खेळणं दाखवायचं नसतं."

खेळणं म्हटल्यावर तो चिडला आणि अर्ध्या ताटावरून उठला. पण चिडण्याचं कारण ते नव्हतं. त्याला भीती वाटत होती. गाडी हातात नसली तर त्या खोलीत अण्णा असेल, आपण असू, आणि मधे सोळा वर्षं असतील, आणि कुठून सुरुवात करायची हे कुणालाच माहीत नसेल. गाडी असली की निदान म्हणता येईल, हे बघ. ही भीती त्यानं बायकोला सांगितली असती तर तिनं त्याला हाताला धरून बसमध्ये बसवलं असतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

नवरात्र बसलं तसं त्यानं सगळं काम दुकानातून घरच्या टेबलावर आणलं. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी गाडी इथवर आली की एक चाक एक्सलवर बसवून चिकटवायचं तेवढं उरलं. ते सकाळी करू म्हणून तो झोपला.

सकाळी अंघोळ करून आला तर टेबलावर नुसती गाडी, हत्यार एकही नाही. देवघरासमोर पाट मांडलेला, त्यावर दुकानाचा तराजू, पान्हे, टेप, आणि मधोमध त्याचा कटर, चिमटा, हँड ड्रिल, पॉलिश पेपरसुद्धा, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. वत्सलानं ती हत्यारं पहिल्यांदाच पूजेला मांडली होती. नवरा इतक्या वर्षांनी हत्याराला लागला, त्याचा मान म्हणून मांडली होती. आणि खंडेनवमीला पूजेत बसलेल्या हत्याराला उद्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावत नाहीत, हे हुबळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेर रस्त्यावर रिक्षांच्या चाकांखाली लिंबं फुटत होती, कोहळे आपटले जात होते.

"आज नेमकं कशाला ठेवलंस हे?" तो म्हणाला.

तिचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल."

तेवढ्यात दीपश्रीचा फोन. आवाज आनंदी होता. "काका, आज अप्पा उठून बसलेत. दोन घास शिरा खाल्ला. सकाळपासून विचारालेत, प्रभू आला का, प्रभू आला का. आज या ना."

वत्सला जवळच उभी होती, तिला ऐकू आलं. "जावा," ती म्हणाली. "गाडी राहू दे. आत्ता जावा."

प्रभंजननं पाटाकडं बघितलं, खुंटीवरच्या शर्टाकडं बघितलं. तो गेला असता. एका क्षणापुरता तो खरंच निघाला होता. पण मनात हिशेब आला: आज अर्धी गाडी, उद्या पुरी. आज नुसता माणूस, उद्या बन्नी घेऊन आलेला धाकटा भाऊ. उद्या दसरा, सोळा वर्षांनी रीतीनं जाऊ, पाया पडू. आणि अण्णा तर आज बरा आहे, शिरा खातोय. म्हातारी माणसं सांगतात की विझायच्या आधी दिवा मोठा होतो. ते त्याला कुणी आठवण करून दिलं नाही, आणि त्यालाही आठवलं नाही.

"उद्या सकाळी पहिल्या बसनं येतो म्हण," तो फोनवर म्हणाला. "बन्नी घेऊन येतो म्हण."

दसऱ्याला पहाटे उत्तरपूजा झाली. त्यानं हळदकुंकवानं माखलेला चिमटा पुसला आणि चाक बसवलं. चाक सरळ बसलं. गाडी टेबलावर चारी पायांवर उभी राहिली आणि त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला. वाटायला नको होता, पण वाटला. धारवाडी पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात कापूस घालून त्यानं ती ठेवली. कोपऱ्यावर बन्नी विकायला बसलेल्या बाईकडून जुडी घेतली, नव्या शर्टाच्या खिशात घातली आणि चिगरीत बसला.

उणकलचं तळं मागं पडलं आणि फोन वाजला. दीपश्री होती. बोलत नव्हती, नुसती रडत होती. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि कन्नडमध्ये सांगितलं की सकाळी चहा दिला, दोन घोट घेतले आणि मान टाकली.

बस चालत राहिली. बस सणाच्या माणसांनी भरलेली होती, नव्या साड्या, नवे शर्ट. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं याच्या खिशातली बन्नी बघितली, आपल्या पिशवीतून दोन पानं काढली आणि त्याच्या हातावर ठेवून म्हणाला, "तगोळ्री. बंगारदंग इरोण." प्रभंजननं ती घेतली. आपल्याकडची दोन त्याला दिली. सोळा वर्षं दुसऱ्या कुणासाठी राखलेले शब्द त्यानं त्या अनोळखी म्हाताऱ्याला म्हटले आणि खिडकीकडं तोंड केलं.

धारवाडच्या घरात अण्णाला खाली घेतलं होतं. नाकाला नळी नव्हती, मशीन कोपऱ्यात बंद. माणूस इतका लहान झाला होता की प्रभंजनला क्षणभर वाटलं, आपण चुकीच्या घरात आलो. शकुंतलावहिनी भिंतीला टेकून बसली होती. त्यानं पायांवर डोकं ठेवलं, थंड पायांवर, मग खिशातली बन्नी काढून पायांपाशी ठेवायला गेला तशी शेजारची कृष्णाबाई, नव्वदीची म्हातारी, म्हणाली, "नको रे. मड्याला बन्नी देत नाहीत. ठेव खिशात." तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती रीत होती. त्यानं पानं पुन्हा खिशात ठेवली.

पेढ्याचा खोका त्या गर्दीत कुणीतरी उचलून खिडकीत ठेवला. तो त्यानं संध्याकाळी स्मशानातून आल्यावर तसाच हुबळीला घरी नेला.

बाराव्याला तो खोका पुन्हा घेऊन आला. का आणला, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बॉडी बघायची होती. अण्णाचा तो लाल एकदा हातात घ्यायचा होता, आणि खालची चाकं त्याच्या आत अलगद जाताना बघायची होती. निदान तेवढं तरी अण्णासाठी पुरं व्हावं.

पंगतीला अवकाश होता. वहिनीनं दीपश्रीला खुणावलं, तिनं आतून एक बुटाचा खोका आणला. प्रभंजननं झाकण काढलं. मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली बॉडी. लाल रंग तसाच, त्यात खोलीची खिडकी दिसत होती.

आणि मागच्या दोन्ही कमानी कापलेल्या होत्या.

आता नव्हे, कधीच्या. कापून, कडा घासून, कडांवरसुद्धा लाल रंग दिलेला, आणि त्या रंगाच्या बारीक भेगांत वर्षांची धूळ बसलेली. दोन मोठी गोल तोंडं, त्या रुंद टायरांच्या बरोब्बर मापाची. अण्णाला माप घ्यायला टायर नव्हतं. त्यानं ते आठवणीनं घेतलं होतं आणि ते केसभरही चुकलं नव्हतं.

"हे कधी केलं?" प्रभंजननं विचारलं.

"वाटणी झाली त्याच वर्षी," वहिनी म्हणाली. "दसऱ्याच्या आधी बसून कापलं. म्हणाले, प्रभू बन्नी द्यायला येईल, तेव्हा बसवून टाकू. मग दर दसऱ्याला सकाळी खाली काढायचे, पुसायचे, टेबलावर ठेवायचे. रात्री परत वर. तुम्ही काम करालाय म्हणून दीपू सांगायची, तेव्हा मी म्हटलं, सांगू का त्यांना फोनवर, की बॉडी कापलेली हाय म्हणून? तर नको म्हणाले. येऊ दे, आल्यावर बघू दे."

आहे तशी आण. प्रभंजनला ते आता ऐकू आलं, अण्णाच्या दमलेल्या आवाजात, दोनदा.

त्यानं पेढ्याचा खोका उघडला. सांगाडा जमिनीवर ठेवला आणि वरून बॉडी ठेवली. ती बसली, अगदी सहज बसली. पण चाकं आत, पार आत, अंधारात गेली होती, आणि कापलेल्या कमानीतून नुसती पोकळी दिसत होती, दात पडलेल्या तोंडासारखी. कमानीच्या कडेपासून टायरापर्यंत बोट आडवं जाईल एवढी जागा. अर्धी जागा अण्णानं सोडलेली, अर्धी त्यानं.

"काका," दीपश्री वाकून बघत म्हणाली, "चाकं एवढी आत का गेलीत?"

"मी आत घेतली."

"का?"

"अण्णाची बॉडी कापावी लागू नये म्हणून."

शकुंतलावहिनीनं तोंडाला पदर लावला. दीपश्री कधी गाडीकडं, कधी काकाकडं बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला, आणि कळलं तशी ती उठून खिडकीपाशी गेली.

"जशी होती तशी आणली असती, वहिनी," प्रभंजन म्हणाला, "तू आलीस त्याच दिवशी, दीपू, डबा उचलून तुझ्यासंगं आलो असतो, तर बसली असती. काही करायचं नव्हतं. टायरं चिघळलेली होती, तरी बसली असती." मग तो रडला, पन्नाशी ओलांडलेला माणूस, मांडीवर हात ठेवून, मोठ्यानं, आणि त्याला कुणी थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं वहिनीनं गाडी उचलली. पदराच्या टोकानं तिचा टप पुसला आणि ती फोटोपुढं समईशेजारी ठेवली, आहे तशी.

बाहेर पानं मांडली होती. रिवाजाप्रमाणं एक पान अण्णाच्या नावानं वेगळं वाढलं होतं, पंगतीच्या टोकाला, समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. वाढणाऱ्या बाईनं प्रभंजनला मधली जागा दाखवली. त्यानं आपला पाट उचलला, त्या पानाच्या शेजारी नेऊन मांडला, आणि तिकडं तोंड करून बसला.